पडलेल्याला भेटायला

बोगोतात म्हणतात,
लग्नाआधी जोडीनं मोन्सेराते चढलं
तर लग्न होत नाही.
म्हणून तर आई चढली.

मुलगा आजोबांनी ठरवलेला. एलियोदोरो.
कुलपं दुरुस्त करायचा, बोलायचा कमी,
हसताना ओठांवर हात धरायचा.
नाही म्हणायची सोय नव्हती त्या घरात,
मग तिनं डोंगराला मध्ये घातलं.
रविवारी वर जाऊ, म्हणाली, पायी.
तो भोळा. नवे बूट घालून आला.

हे ती मला आज सांगते आहे,
फुनिक्युलारच्या तिरक्या डब्यात,
मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास,
थर्मासात पानेलाचं गरम पाणी,
गुळाचं, लिंबू पिळलेलं.
काचेबाहेर झाडं खाली घसरतात.
विटांच्या रंगाचं शहर
धुक्यात विरघळतं कडेकडेनं,
आणि माझे कान दडे बसलेले,
म्हणून ती ओरडून सांगते
आणि अख्खा डबा ऐकतो.

अर्ध्यावर त्याला बूट चावले.
पुढे एक बाई गुडघ्यांवर चढत होती.
तिचा पोरगा पुठ्ठा अंथरायचा,
मागचा उचलायचा, पुढे टाकायचा.
दोनच पुठ्ठे, आणि एवढा डोंगर.
एलियोदोरो थांबला,
अंगावरची रुआना काढली,
तिसरा पुठ्ठा म्हणून अंथरली.
मला राग आला गं, आई म्हणते.
हा असा वागायला लागला
तर मी चढते आहे कशाला?

वर गर्दी. वर थंडी.
आणि वर देव, पडलेला.
एवढ्या उंचावर राहतो
तर उभा असेल, हात पसरून,
शहराला दम देत, असं वाटलेलं तिला.
हा एका कोपरावर टेकलेला.
गुडघे फुटलेले.
डोळे वर लावलेले,
कुणी हात देतंय का, असे.
इतकं चढून यायचं
ते एका पडलेल्या माणसाला बघायला!

तरी तिनं मागायचं ते मागितलं.
नावानिशी मागितलं, घोळ नको म्हणून.
मेणबत्ती लावली, मोठ्यातली.

शेजारी हा नव्हताच.
हा दानपेटीपाशी वाकलेला.
कुलूप सैल आहे, म्हणाला,
कुणीही उघडेल.
तुमच्या केसांतली पिन देता?
पिन दिली. केस सुटले.
वाऱ्यानं तोंडावर आले,
त्यामुळे पुढचं नीट दिसलं नाही, आई म्हणते,
फक्त खट् असा आवाज आला.

एकेचाळीस वर्षं.
पिन त्यानं परत दिली नाही.
मी मागितलीही नाही.

आता ती देवळात पहिल्या बाकावर.
गुडघे टेकता येत नाहीत, दोन्ही बदललेले.
बाबा जाऊन सात महिने झाले.
ती रडेल म्हणून मी रुमाल हातात धरून बसले,
तर ती थर्मासाचं झाकण फिरवते.
देवाकडे बघते बराच वेळ,
ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं.
अजून उठला नाही हा, म्हणते.
आणि मग, हळूच,
उठू नकोस रे. घाई नाही.

पेटी नवी आहे, काचेची.
कुलूप कुठे असतं ते कळत नाही.

खाली स्टेशनात ओव्हिदियो थांबलाय,
हातात तिघांच्या मक्याच्या आरेपा, गार होत चाललेल्या.
तू पण चल, असं मी त्याला म्हटलं नाही.
असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.
रांग मोठी असते, तुला उंची सोसत नाही,
असं काहीबाही सांगितलं.

आईनं कप माझ्यापुढे केला.
भित्री, म्हणाली.